जेन ऑस्टिन न आवडलेली शार्लट: ‘सिलेक्टेड लेटर्स’ वाचून

जेन ऑस्टिनवर कुणी काही लिहायला घेतलं की त्यात शार्लट ब्राँटीचं एक वाक्य हमखास येतं. ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये तिला काय दिसलं, तर नीट कुंपण घातलेली, निगुतीने राखलेली बाग, आखीव वाफे, नाजूक फुलं, पण मोकळं रान नाही, ताजी हवा नाही, निळा डोंगर नाही, खळाळता ओढा नाही. वाक्य देखणं आहे, म्हणून ते सगळीकडे फिरतं. एका थोर लेखिकेने दुसरीची कशी खरडपट्टी काढली, अशा थाटात फिरतं. ते कुणाला लिहिलं, कधी लिहिलं, कशाच्या उत्तरादाखल लिहिलं, हे बहुतेक ठिकाणी नसतंच. मी बी.ए.च्या वर्गांना ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ शिकवते आणि शार्लटची ‘जेन एअर’ही शिकवते. मुलं हे वाक्य मोबाइलवर वाचून येतात आणि विचारतात, “मॅडम, मग दोघींत मोठी कोण?” मी हल्ली त्यांच्या हातात हे पुस्तक देते आणि तारखा बघत वाचा म्हणते.

पुस्तक म्हणजे शार्लट ब्राँटीची निवडक पत्रं. निवड आणि संपादन मार्गारेट स्मिथ यांचं, प्रकाशक ऑक्सफर्ड. निवड पहिल्यांदा २००७मध्ये आली. माझ्याकडे आहे ती ‘वर्ल्ड्स क्लासिक्स’ मालिकेतली पेपरबॅक आवृत्ती, २०१०ची, जॅनेट गेझारी यांच्या प्रस्तावनेसह. याच्यामागे स्मिथबाईंचं फार मोठं काम उभं आहे. शार्लटची उपलब्ध असलेली सगळी पत्रं त्यांनी तीन जाडजूड खंडांत छापली, १९९५, २००० आणि २००४ साली. ते खंड घरी घेणं आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही. ही निवड मात्र आहे.

यावर लगेच प्रश्न येतो, जुनी पत्रं तर इंटरनेटवर फुकट मिळतात, मग विकत कशाला घ्यायचं? मिळतात, हे खरं. क्लेमेंट शॉर्टर नावाच्या पत्रकाराने १८९६ आणि १९०८ साली छापलेली पुस्तकं सहज उतरवून घेता येतात. पण त्या मजकुरावर विसंबू नये. शार्लटची जिवलग मैत्रीण एलन नसी हिने शार्लटची शेकडो पत्रं आयुष्यभर जपून ठेवली आणि म्हातारपणी टी. जे. वाइझ या ग्रंथसंग्राहकाला विकली. ती पुढे संग्रहालयात जातील अशी तिची समजूत करून दिली होती. प्रत्यक्षात त्याने ती सुटी सुटी करून इकडेतिकडे विकून टाकली. हाच वाइझ पुढे १९३४मध्ये जुन्या पुस्तिकांच्या बनावट आवृत्त्या खपवणारा म्हणून उघडा पडला. अशा हातांतून गेलेल्या कागदांचा माग काढायचा, मूळ हस्ताक्षर जिथे सापडेल तिथे जाऊन वाचायचं, तारखा जुळवायच्या, हे सगळं स्मिथबाईंनी केलं. एखाद्या पत्राची तारीख काही महिन्यांनी इकडेतिकडे झाली तर काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. फार बिघडतं. ऑस्टिनबद्दलच्या पत्रांत तर सगळा अर्थच तारखांत आहे.

तर ती पत्रं.

‘जेन एअर’ ऑक्टोबर १८४७मध्ये लंडनच्या स्मिथ, एल्डर कंपनीने काढली. लेखकाचं नाव म्हणून शार्लटचं टोपणनाव, करर बेल. बाई की पुरुष, कुणालाच ठाऊक नाही. जॉर्ज हेन्री ल्यूइस हा तरुण, हुशार आणि बोलका समीक्षक; ‘फ्रेझर्स मॅगझिन’च्या डिसेंबरच्या अंकात त्याने कादंबरीचं भरभरून कौतुक केलं आणि लिहिणारी उघडच बाई आहे, असंही सांगून टाकलं. त्याआधीच त्याचा करर बेलशी पत्रव्यवहार सुरू झाला होता. त्यात त्याने सल्ला दिला होता की मेलोड्रामापासून जपा, वास्तवाला धरून राहा. शार्लटने ६ नोव्हेंबर १८४७ला त्याला दिलेलं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं आणि तेच नेमकं कुणी उद्धृत करत नाही. ती लिहिते की मी सुरुवात केली ती याच तत्त्वावर, निसर्ग आणि सत्य एवढ्या दोघांनाच वाटाड्या मानून. कल्पनेला आवर घातला, भडकपणा टाळला. आणि ती कादंबरी एकामागून एक सहा प्रकाशकांना दाखवली, तर सगळ्यांनी सांगितलं की हिच्यात थरार नाही, धक्के नाहीत, वाचनालयांत ही चालायची नाही. ही कादंबरी म्हणजे ‘द प्रोफेसर’. तिच्या हयातीत ती छापली गेलीच नाही.

म्हणजे ल्यूइस जे करायला सांगत होता ते तिने आधी करून पाहिलं होतं आणि त्याची किंमत मोजली होती. हे डोक्यात ठेवून पुढचं पत्र वाचावं.

१२ जानेवारी १८४८. ल्यूइसने आपल्या लेखात म्हटलं होतं की स्कॉटच्या वेव्हर्ली कादंबऱ्यांपैकी कोणतीही लिहिण्यापेक्षा ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ किंवा ‘टॉम जोन्स’ लिहायला मला जास्त आवडलं असतं. शार्लटला हे वाक्य झोंबलं. का झोंबलं, हे याच संग्रहाच्या मागच्या पानांत सापडतं. १८३४मध्ये, अठरा वर्षांची असताना, काय वाचावं याची यादी तिने एलनला लिहून पाठवली होती. त्यात कादंबऱ्यांच्या रकान्यात तिचा हुकूम स्पष्ट होता, की फक्त स्कॉट वाच, त्याच्यानंतरच्या साऱ्या कादंबऱ्या कवडीमोल आहेत. अशा मुलीला पुढे एकतिसाव्या वर्षी कुणी सांगतो की स्कॉटपेक्षा ही ऑस्टिन थोर. ऑस्टिनची ती कादंबरी तिने तोवर पाहिलेलीसुद्धा नव्हती. तुमचं वाक्य वाचलं, मग पुस्तक मिळवलं आणि अभ्यासलं, असं ती लिहिते. आणि मग ते बागेचं वाक्य येतं. त्याच्या आधी आणखी एक प्रतिमा आहे, अगदी सामान्य चेहऱ्याचं अचूक डॅगेरोटाइप चित्र. डॅगेरोटाइप ही तेव्हा दहाएक वर्षांपूर्वीच आलेली फोटोची पद्धत. यंत्राने टिपलेलं, बिनचूक, पण चेहऱ्यावर तेज नाही, असं तिला म्हणायचं आहे. त्या बायकांच्या आणि पुरुषांच्या सुबक पण कोंदट घरांत मला राहायला आवडणार नाही, असं ती सांगून टाकते. या मतांनी तुम्ही चिडाल, तरी मी तो धोका पत्करते, हेही वर लिहिते.

पण त्याच पत्रात दुसरी एक जागा आहे. पुन्हा कधी पुस्तक लिहिलंच तर मेलोड्रामा ठेवणार नाही, असं मला वाटतं. वाटतं, पण खात्री नाही. मिस ऑस्टिनच्या ‘सौम्य डोळ्यां’मधून मिळणारा सल्ला पाळायचा प्रयत्न करीन, अधिक घोटीव, अधिक संयमाने लिहीन, पण त्याचीही खात्री देता येत नाही. कारण लेखक जेव्हा उत्तम लिहितो, निदान सहज लिहितो, तेव्हा त्याच्या आत एक शक्ती जागी होते आणि तीच धनी होते, बाकीचं सगळं बाजूला सारून आपलंच खरं करते. तिला अडवावं का? अडवता येतं का? असे दोन प्रश्न ती ल्यूइसला विचारते.

मी ही जागा वर्गात मोठ्याने वाचते. कविता लिहिणारी एखाददुसरी मुलगी वर्गात असतेच, आणि तिचा चेहरा इथे बदलतो, हे मी दर वर्षी बघते. ऑस्टिनवरचं मत हे या प्रश्नांच्या शेजारी बसलेलं आहे. तिथून उचलून एकटं फिरवलं की ते केवळ शेरा होऊन बसतं.

ल्यूइसने उत्तरात आणखी समजावलं असावं. त्याची वाक्यं आपल्याला कळतात ती शार्लटने १८ जानेवारीच्या पत्रात उतरवून घेतली म्हणून. ऑस्टिन कवी नाही, तिच्यात भावनेचा उमाळा नाही, काव्याचा भारून टाकणारा आवेश नाही, हे त्यालाही कबूल आहे; तरीही ती सर्वश्रेष्ठ कलावंतांपैकी एक आहे, मानवी स्वभावाची थोर चित्रकार आहे आणि साध्यासाठी नेमकं साधन वापरण्याची जाण तिच्याइतकी फार थोड्यांना होती, हे करर बेलने मान्य करायला ‘शिकलं पाहिजे’. ल्यूइस तिच्यापेक्षा वर्षभराने लहान होता. ‘शिकलं पाहिजे’ हा सूर तिला आवडला नाही, ते शब्दाशब्दात जाणवतं. शेवटचा मुद्दा तेवढा मी मानीन, असं ती म्हणते. आणि विचारते, काव्याशिवाय कुणी थोर कलावंत होऊ शकतो का? मिस ऑस्टिन समंजस आहे, वास्तव आहे, सत्याहून जास्त वास्तव आहे. पण थोर असू शकत नाही.

‘सत्याहून जास्त वास्तव’ यावर मी बरीच अडते. मला ऑस्टिन मनापासून आवडते आणि शार्लटचा निवाडा मला पटत नाही. पण हा आरोप असा आहे की तो वाचल्यावर ऑस्टिन पुन्हा उघडावी लागते. शार्लट म्हणते मोकळं रान नाही. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या सातव्या प्रकरणात नायिका एलिझाबेथ आजारी बहिणीला बघायला तीन मैल चालत जाते, शेतांमागून शेतं ओलांडते, कुंपणांवरून उड्या मारते, डबक्यांवरून झेपा घेते आणि मळलेले मोजे, दमलेले घोटे आणि चालण्याने तापलेला चेहरा घेऊन नेदरफील्डच्या न्याहारीच्या खोलीत येऊन उभी राहते. तिच्या पेटीकोटला सहा इंच चिखल लागलेला असतो आणि तिथल्या बायका त्यावर नाकं मुरडतात. ताजी हवा आणखी कशी असते? तरी शार्लटच्या बाजूने विचार केला की कळतं, तिला रानातून चालणारी मुलगी नको होती, तिला रानच हवं होतं. यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावातल्या ब्राँटींच्या घराच्या पुढे दफनभूमी आणि मागे उघडा माळ. वारा कादंबरीत पात्रासारखा वावरला पाहिजे, अशी तिची अपेक्षा. ऑस्टिनच्या कादंबरीत हवामान येतं ते कुणाला तरी कुणाच्या घरी अडकवून ठेवण्यापुरतं. म्हणून तिने लेखिकेवर अन्याय केला असं मी म्हणते. पण ती काय शोधत होती, याबद्दल ती अजिबात संदिग्ध नाही.

आता या पत्रांनंतर काय घडलं ते पाहा. इथे हे पुस्तक सलग वाचण्याला पर्याय नाही. जानेवारी १८४८मध्ये त्या घरात चारही भावंडं जिवंत होती. भाऊ ब्रॅनवेल २४ सप्टेंबर १८४८ला गेला. बहीण एमिली १९ डिसेंबरला. धाकटी ॲन २८ मे १८४९ला, स्कारबरोला, समुद्रकाठी. आठ महिन्यांत तिघं. मधल्या पत्रांतल्या काही ओळी मला सलग वाचवत नाहीत. शार्लट ‘शर्ली’ लिहीत होती. ती कादंबरी तिने ल्यूइसचा सल्ला ऐकल्यासारखीच सुरू केली आहे. तुम्हाला प्रणयकथा, भावना, काव्य, मेलोड्रामा हवा असेल तर अपेक्षा आवरा, समोर आहे ते सोमवारच्या सकाळइतकं रुक्ष आहे, असं ती पहिल्याच पानावर वाचकाला बजावते. पण लिहिता लिहिता घर रिकामं झालं आणि तिसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण ‘मृत्यूच्या छायेची दरी’ या नावाचं आहे.

‘शर्ली’वर ल्यूइसने जानेवारी १८५०च्या ‘एडिनबरा रिव्ह्यू’मध्ये लिहिलं. सुरुवात स्त्रिया बुद्धीने पुरुषांच्या बरोबरीच्या आहेत का या प्रश्नावरून, आणि पुढे कादंबरीतल्या एका आईच्या वागण्याबद्दल थेट करर बेललाच उद्देशून, तुमच्या उदरी कधी मूल हललं असतं तर तुम्ही असं लिहिलं नसतं, अशा अर्थाचं. बिनलग्नाची, तीन भावंडांना पोचवून बसलेली बाई हे वाचते आहे. १९ जानेवारीला तिने त्याला लिहिलं की टीका कडक होती म्हणून मी दुखावले नाही. मला बाई म्हणून नव्हे तर लेखक म्हणून तोला, असं कळकळीने सांगूनही तुम्ही बाईपणाचा प्रश्न इतक्या रांगडेपणाने, मला तर वाटलं इतक्या क्रूरपणे हाताळलात, म्हणून दुखावले.

आणि १२ एप्रिल १८५०. तीन महिनेही झालेले नाहीत. पत्र ल्यूइसला नाही, विल्यम स्मिथ विल्यम्सला आहे. विल्यम्स हा स्मिथ, एल्डर कंपनीत हस्तलिखितं वाचणारा माणूस. ‘द प्रोफेसर’ परत पाठवताना त्याच्या कंपनीकडून आलेल्या समजूतदार पत्रामुळेच शार्लटला ‘जेन एअर’ तिकडे पाठवायचा धीर झाला होता. कंपनी तिला हॉवर्थला पुस्तकांची पार्सलं पाठवत असे. विल्यम्सशी ती जितकं मोकळं लिहिते तितकं फार थोड्यांशी. तर ती सांगते की मी मिस ऑस्टिनची ‘एमा’ वाचली, रस घेऊन वाचली, आणि खुद्द मिस ऑस्टिनला योग्य आणि शहाणपणाचं वाटलं असतं तेवढंच कौतुकही वाटलं. उत्कट, धगधगीत असं काहीही या पुस्तकांची तारीफ करताना अस्थानी ठरेल. इंग्लंडमधल्या खानदानी लोकांच्या जगण्याचा पृष्ठभाग ती विलक्षण हुबेहूब रंगवते. वाचकाला कशानेही खवळवत नाही, कशानेही खोलवर अस्वस्थ करत नाही. विकार तिला पूर्ण अपरिचित. त्या वादळी बहिणींशी ती तोंडओळखसुद्धा ठेवत नाही. तिचं काम डोळे, तोंड, हात, पाय यांच्याशी जितकं आहे, त्याच्या निम्मंसुद्धा माणसाच्या हृदयाशी नाही. जे आत लपून जोरजोराने धडधडतं, ज्यातून रक्त उसळत जातं, जे जीवनाचं अदृश्य आसन आहे आणि मृत्यूचं जाणतं लक्ष्य आहे, त्याच्याकडे मिस ऑस्टिन दुर्लक्ष करते.

‘मृत्यूचं जाणतं लक्ष्य.’ ऑस्टिनच्या निंदेचे उतारे जमवणाऱ्यांना हे शब्द नुसते जोरकस वाटतात. पुस्तकात मागची पानं वाचून इथवर आलं की ते तसे वाटूच शकत नाहीत. वर्षभरापूर्वी धाकटी बहीण डोळ्यांदेखत गेली आहे. जेवणाच्या खोलीत रात्री तिघी मिळून येरझाऱ्या घालत आपापल्या कादंबऱ्यांबद्दल बोलत असत, तिथे आता ही एकटी आहे. अशा वेळी हायबरी गावातल्या जेवणावळी आणि लग्नं जुळवणारी, देखणी, श्रीमंत, एकविशीची एमा वुडहाउस हाती येते. दुःखात असताना काही पुस्तकं आपल्याला परकी वाटतात. त्यात पुस्तकाचा दोष नसतो. शार्लटने तो दोष ऑस्टिनच्या पदरात टाकला आणि इतक्या ताकदीने टाकला की पावणेदोनशे वर्षं तो तिथे चिकटून राहिला.

मी तो काढू पाहते, ‘एमा’चाच आधार घेऊन. बॉक्स हिलची सहल. एमा गरीब, बडबड्या मिस बेट्सला सगळ्यांसमोर टोमणा मारते. मिस बेट्सला तो कळायला क्षणभर वेळ लागतो. कळल्यावर ती रागावत नाही, फक्त तिचा चेहरा किंचित लाल होतो. नंतर तिचा जुना स्नेही नाइटली एमाला गाडीपाशी गाठून सुनावतो की हे वाईट केलंस. आणि एमाच्या डोळ्यांतून घरी पोचेपर्यंत जवळजवळ सबंध वाट पाणी वाहत राहतं आणि ती ते थांबवायचा प्रयत्नही करत नाही. शेजारी मैत्रीण हॅरिएट बसलेली आहे, तिला काही कळतही नाही. जे आत लपून धडधडतं ते आणखी कुठे शोधायचं? ऑस्टिन ते दाराच्या फटीतून दाखवते. शार्लटला दार सताड उघडं हवं होतं. मोठ्या आवाजात नाही म्हणून हृदयच नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

शार्लटच्या त्या पत्रात शेवटाकडे आलेलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त छळतं. जेन ऑस्टिन ही परिपूर्ण आणि अत्यंत समंजस ‘लेडी’ होती, पण अतिशय अपूर्ण आणि काहीशी संवेदनाशून्य बाई होती. हा पाखंडीपणा असेल तर माझा नाइलाज आहे. जानेवारीत ल्यूइसला कळवळून सांगणारी, मला बाई म्हणून मोजू नका म्हणणारी शार्लट एप्रिलमध्ये ऑस्टिनला बाई म्हणूनच मोजते आणि अपुरी ठरवते. त्याच मापाने. मला यात तिचा दुटप्पीपणा दिसत नाही. त्या काळात लिहिणाऱ्या बाईला दुसरं माप कुणी हातात दिलंच नव्हतं, हे मात्र लख्ख दिसतं. विशीत तिने कवी सदीला आपल्या कविता पाठवल्या तेव्हा १८३७मध्ये त्याने उत्तर दिलं होतं की साहित्य हा बाईच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊही नये. सदीचं ते पत्र आणि ‘एमा’बद्दलचं हे पत्र या संग्रहाच्या कालपटात एकमेकांपासून फक्त तेरा वर्षांच्या अंतरावर आहेत. आणि शार्लटची ‘व्हिलेट’ ही कादंबरी आल्यावर कवी-समीक्षक मॅथ्यू अर्नल्डने खासगी पत्रात शार्लटबद्दल काय लिहिलं? या बाईच्या मनात भूक, बंडखोरी आणि संताप याशिवाय काही नाही. एकीत विकार नाहीत म्हणून कमी, दुसरीत विकारच आहेत म्हणून कमी.

हे सगळं खासगी होतं, हेही विसरू नये. शार्लटने ऑस्टिनवर लेख लिहिला नाही, जाहीर वाद घातला नाही. १८५४मध्ये लग्न झाल्यावर नवरा आर्थर निकल्स तिची पत्रं बघून घाबरला. अशी पत्रं आगकाड्यांइतकी धोकादायक असतात, ती जाळून टाक, असा निरोप तिने २० ऑक्टोबरला एलनला पोचवला. एलनने जाळली नाहीत. मार्च १८५५मध्ये शार्लट गेली. १८५७मध्ये एलिझाबेथ गॅस्केलने तिचं चरित्र लिहिलं आणि ल्यूइसला लिहिलेला मजकूर त्यात छापला. एका पत्रातलं मत तिथून जगाचं झालं. ल्यूइसनेही आपलं मत सोडलं नाही. १८५९मध्ये ‘ब्लॅकवुड्स’मध्ये त्याने ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवर मोठा लेख लिहिला.

संग्रहाच्या उणिवा सांगायच्या तर पहिली म्हणजे अक्षर बारीक आहे आणि पत्रं मन लावून वाचायची असतात, त्यामुळे डोळे दमतात. दुसरी, निवड म्हटली की गाळणं आलं; एलनला लिहिलेल्या घरगुती पत्रांपैकी आणखी काही चालली असती. तिसरी गोष्ट संपादिकेच्या हातातली नाही, पण वाचताना सतत जाणवते. समोरच्याची पत्रं आपल्यापुढे नसतात. ल्यूइस काय म्हणाला ते बरंचसं शार्लटच्या रागावलेल्या लेखणीतून ऐकावं लागतं. टिपा मात्र उत्तम आहेत. बायबल, शेक्सपिअर, त्या वेळची नियतकालिकं, कोणता संदर्भ कुठला ते थोडक्यात सांगतात आणि मध्ये मध्ये करत नाहीत.

आणखी एका पत्रासाठीसुद्धा मी हे पुस्तक घ्यायला सांगीन. जून १८५०, म्हणजे ‘एमा’च्या पत्रानंतर दोन महिन्यांनी, शार्लट लंडनला गेली आणि ल्यूइसला प्रत्यक्ष भेटली. एलनला लिहिते की त्याच्यावर रागावणं जमेना, कारण त्याचा चेहरा बघून रडू येईल असं झालं. तो विलक्षण एमिलीसारखा दिसतो. डोळे, नाक, किंचित पुढे आलेलं तोंड, कपाळ, कधी कधी भावसुद्धा. ज्याच्याशी ऑस्टिनवरून भांडली, ज्याने तिला जिव्हारी लागेल असं लिहिलं, त्याच्या चेहऱ्यात तिला गेलेली बहीण दिसली. चरित्रकाराने सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

कुणी घ्यावं? इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाने. कॉलेजच्या ग्रंथालयांनी जमलं तर तिन्ही खंड घ्यावेत, आणि निवड तर घ्यावीच. ज्यांनी शार्लट आणि ऑस्टिन यांपैकी एकीचीच कादंबरी वाचली आहे त्यांनीही घ्यावं. इंग्रजी अवघड नाही, पत्रं छोटी आहेत आणि रोज दोनचार वाचली तरी चालतं. सुरुवातीपासून सलग वाचायला वेळ नसेल तर नोव्हेंबर १८४७पासून जून १८५०पर्यंतची पत्रं एका दमात वाचा, मधली एकही न गाळता. त्याच आठवड्यात ‘एमा’मधलं बॉक्स हिलचं प्रकरण वाचा आणि ‘व्हिलेट’मधलं, सुट्टीत रिकाम्या शाळेत एकटी राहिलेली ल्युसी स्नो कॅथलिक चर्चमध्ये जाते ते प्रकरणही वाचा. नंतर वेळ मिळाला की ऑस्टिनची ‘पर्स्वेजन’. शार्लटच्या या मतांमध्ये ती कादंबरी कुठेच येत नाही, आणि तिच्यातलं कॅप्टन वेंटवर्थचं पत्र तिच्या वाचनात आलं असतं तर तिने विल्यम्सला काय लिहिलं असतं, हे मला अजूनही जाणून घ्यावंसं वाटतं.